रिकाम्या खुर्च्यांचं मंडळ: राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाचं प्रकरण

3 जून 2014. दिल्लीत सकाळचे साडेसहाही वाजले नव्हते. केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. बीडला सत्काराची सभा ठरलेली होती आणि शपथ घेऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. पृथ्वीराज रोडच्या चौकात दुसऱ्या एका मोटारीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. मुंडे मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. बरोबरचे चालक आणि सचिव वाचले. एम्समध्ये तासाभरात मुंडेंना मृत घोषित करण्यात आलं. मानेच्या मणक्याला इजा आणि यकृत फाटून आतल्या आत रक्तस्राव, असं कारण पुढे आलं.

महाराष्ट्रात त्या दिवशी काय झालं ते सांगायला नको. परळीच्या अंत्यसंस्काराला लोटलेली गर्दी, घातपाताची शंका, सीबीआय चौकशीची मागणी. चौकशी झाली, घातपात नाही असं निष्पन्न झालं आणि धडक देणाऱ्या गाडीच्या चालकावर भारतीय दंड संहितेच्या कलम 279 आणि 304-अ खाली ठपका आला. म्हणजे हयगयीने वाहन चालवणं आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणं. गावाकडच्या फाट्यावर एसटी आणि दुचाकीची धडक झाली तरी तालुक्याचं पोलिस ठाणं तेव्हा हीच दोन कलमं लावायचं. देशाची सर्वोच्च तपास यंत्रणासुद्धा तिथेच पोचली, कारण आपल्याकडे अपघाताला विचारायचा प्रश्नच एक आहे: चूक कोणाची?

त्या मृत्यूनंतर देशाला स्वतंत्र रस्ता सुरक्षा यंत्रणा मिळणार असं वाटलं होतं. या प्रकरणात तिचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट 2005 साली सुरू होते, 2014 मध्ये जोर धरते, 2019 मध्ये कायद्यात उतरते, 2021 मध्ये राजपत्रात छापली जाते आणि तरीही मे 2025 पर्यंत तिला माणसं मिळत नाहीत.

आधी कोण होतं?

काहीच नव्हतं असं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 215 आहे. त्याखाली राष्ट्रीय रस्ता सुरक्षा परिषद आहे, राज्यांच्या परिषदा आहेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्याही आहेत. अशा समितीचा कार्यवृत्तांत ज्याने वाचलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्यात आलं, संबंधितांनी कार्यवाही करावी, रस्ता सुरक्षा सप्ताह उत्साहात साजरा करावा. परिषदेत मंत्री असतात, सचिव असतात. पूर्णवेळ बसून फक्त हेच काम करणारा तिथे कुणी नसतो.

खरी गुंतागुंत राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत, बाकीचे रस्ते राज्याच्या. पोलिस राज्याचे. यांत्रिक वाहनं समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांची. त्यात रस्त्याचे मापदंड बनवते इंडियन रोड्स काँग्रेस, 1934 पासूनची अभियंत्यांची संस्था. गाड्यांची चाचणी करणारी पुण्याची एआरएआय अवजड उद्योग मंत्रालयाशी संलग्न. लायसन्स आरटीओचं. 108 ची रुग्णवाहिका आरोग्य खात्याची. महामार्गावरचा गाव-फाटा कोणी, कधी, कोणाच्या दबावाने दुभाजक फोडून उघडला, हे तर कुठल्याच खात्याच्या फायलीत सापडत नाही. एका अपघाताला सहा खाती लागतात आणि त्या अपघाताचं उत्तर देण्याची जबाबदारी एकावरही येत नाही.

नोव्हेंबर 2005 मध्ये केंद्राने एस. सुंदर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फेब्रुवारी 2007 मध्ये अहवाल आला. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, रस्ता सुरक्षा आणि वाहतूक व्यवस्थापनासाठी संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय मंडळ उभारा आणि राज्यांतही मंडळं करा. दुसरी, पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातला किमान 1 टक्का या कामासाठी बाजूला काढा. दुसरी शिफारस मला जास्त महत्त्वाची वाटते. निधीच नसेल तर मंडळ शेवटी मंत्रालयाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहतं.

मे 2010 मध्ये विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, संसदीय स्थायी समितीकडे गेलं आणि त्यातून कायदा काही झाला नाही. त्या वर्षी देशात रस्त्यांवर 1,34,513 माणसं मेली.

अशी यंत्रणा करते तरी काय?

इथे थोडं थांबून अमेरिकेकडे बघू, कारण बाकीच्या देशांनी ज्या नमुन्याकडे पाहिलं तो तिथला. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतही अपघात म्हणजे चालकाची चूक हीच समजूत होती आणि मोटार कंपन्यांना ती फार सोयीची होती. 1965 मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या रचनेतल्या दोषांवर पुस्तक लिहिलं. जनरल मोटर्सने त्याच्यामागे खासगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं आणि मार्च 1966 मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबर 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सही केली. त्यातून जी संस्था उभी राहिली तिला 1970 मध्ये आजचं नाव मिळालं: नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन.

तिच्या पहिल्या प्रमुखाची निवड बघण्यासारखी आहे. विल्यम हॅडन हे डॉक्टर होते, साथरोगशास्त्राच्या अंगाने विचार करणारे. पोलिस नाहीत, रस्ते अभियंता नाहीत, सनदी अधिकारीही नाहीत. डास चावला म्हणून मलेरिया झालेल्या माणसाला आपण निष्काळजी म्हणत नाही, डबकं शोधतो. हॅडन यांनी अपघाताचे तीन काळ पाडले: धडकेच्या आधी, धडकेच्या क्षणी आणि नंतर. प्रत्येक काळात माणूस, वाहन आणि परिसर हे तीन घटक वेगळे तपासायचे. चालकाचं लक्ष उडालं हे या नऊ घरांच्या तक्त्यातलं फक्त एक घर. स्टिअरिंगचा दांडा छातीत का घुसला, खांब रस्त्याला इतका लागून का होता, दवाखाना गाठायला एवढा वेळ का लागला, ही बाकीची घरं.

या संस्थेचे अधिकार सल्ल्यापुरते नाहीत. ती वाहनांचे सुरक्षा मापदंड ठरवते आणि ते कायद्याने बंधनकारक असतात. 1 जानेवारी 1968 पासून नव्या मोटारींत सीट बेल्ट सक्तीचा झाला तो असा. दोष आढळला तर ती गाड्या परत बोलवायला लावते. 1975 पासून तिने प्रत्येक प्राणघातक अपघाताची नोंद एकाच पद्धतीने ठेवली आहे. तिच्याही चुका झाल्या. 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा तक्रारी आधीपासून येत असूनही या संस्थेने वेळेत हालचाल केली नाही म्हणून ती चांगलीच झोडपली गेली. पण झोडपायला एक दार तरी होतं. आपल्याकडे ठोठवायचं कुठलं दार?

एफआयआरमधलं एक वाक्य

आता आपल्याकडचा कागद बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अपघाताच्या फिर्यादीत हे वाक्य थोड्याफार फरकाने सापडतं: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून समोरील वाहनास ठोस मारून अपघात केला. ठाणे अंमलदाराला हे वाक्य तोंडपाठ असतं. त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमं 281 आणि 106 झाली, पण वाक्य तेच राहिलं. गुन्हा सिद्ध करायला हयगय लागते, म्हणून फिर्यादीत हयगय येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायलाही हाच कागद लागतो. म्हणजे मेलेल्याच्या घरच्यांनाही ते वाक्य तसंच हवं असतं.

अडचण पुढे सुरू होते. हाच कागद ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात जातो. 2022 चा अहवाल सांगतो की 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 मृत्यू झाले आणि त्यातले 71.2 टक्के अतिवेगामुळे. वेग कोणी मोजला? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. भरधाव हा शब्द फिर्यादीत होता, तो तक्त्याच्या रकान्यात जाऊन अतिवेग झाला आणि मग त्या टक्केवारीवर धोरण ठरलं: कॅमेरे लावा, दंड वाढवा, प्रबोधन करा. वेग जीवघेणा असतो यात शंका नाही. पण वळणावर उतार उलट्या बाजूला होता का, दुभाजकाचं टोक उघडं होतं का, ट्रकच्या मागे परावर्तक पट्टी होती का, हे विचारायला फिर्यादीत जागाच नाही. विचारलंच नाही तर आकड्यात कुठून येणार?

याच अहवालातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. राष्ट्रीय महामार्ग देशाच्या एकूण रस्त्यांच्या 2 टक्क्यांच्या आसपास आहेत आणि द्रुतगती मार्ग धरून त्यांच्यावर एकूण मृत्यूंपैकी 36 टक्के होतात. चालक तर सगळीकडे सारखेच.

गेल्या काही वर्षांत नोंदीची पद्धत सुधारायचा प्रयत्न झाला हेही सांगायला हवं. आयआयटी मद्रास आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने बनवलेल्या आयरॅड प्रणालीत पोलिस घटनास्थळावरून मोबाइलवर माहिती भरतो आणि रस्ते, परिवहन, आरोग्य खात्यांनीही आपापला भाग भरायचा असतो. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. कल्पना हॅडन यांच्या जवळची आहे. माहिती जमली तरी ती वाचून रस्ते खात्याला जाब विचारणारं कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

मृत्यूनंतरचा मसुदा

मुंडेंच्या अपघाताआधी सुमारे चार महिने, जानेवारी 2014 च्या अखेरीस, ग्लोबल एनकॅप या लंडनच्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारी भिंतीवर आदळून पाहिल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. भारतीय गाड्या भारतीयांना वाचवतात का हे एका परदेशी धर्मादाय संस्थेने तपासलं. आपल्याकडे तेव्हा मोटारींना धडक-चाचणीची सक्तीच नव्हती.

मग एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालय पुढे सरसावलं. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी 2012 मध्ये जनहित याचिका केली होती. हाडं जोडून जोडून थकलेल्या डॉक्टरने न्यायालयात जावं, हा योगायोग हॅडनची आठवण करून देतो. 22 एप्रिल 2014 रोजी न्यायालयाने न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांची समिती नेमली. आणि जूनमध्ये मुंडे गेले.

सप्टेंबर 2014 मध्ये रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाचा मसुदा आला. नितीन गडकरी मंत्री झाले होते आणि घाईत होते. वाहनांचं नियमन आणि रस्ता सुरक्षा दोन्ही हाताळणारं स्वतंत्र प्राधिकरण मसुद्यात होतं. सल्लागार नव्हे, अधिकार असलेलं. इथे राज्यं बिथरली. परवाने, कर, आरटीओ हा राज्यांच्या महसुलाचा आणि, स्पष्टच बोलायचं तर, राज्यांतल्या बऱ्याच जणांच्या वरकमाईचा मामला. एसटी महामंडळांच्या कामगार संघटनांना खासगी वाहतूकदारांची धास्ती होती. 30 एप्रिल 2015 रोजी देशभर वाहतूक कामगारांचा संप झाला. मसुद्यावर मसुदे निघाले आणि दर मसुद्यागणिक प्राधिकरण बारीक होत गेलं. अखेर नवा कायदा सोडून देऊन जुन्याच कायद्यात दुरुस्ती करायचं ठरलं. राजस्थानचे परिवहन मंत्री युनूस खान यांच्या अध्यक्षतेखाली राज्यांच्या मंत्र्यांचा गट बसला. ऑगस्ट 2016 मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, एप्रिल 2017 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं.

31 जुलै 2019 रोजी नव्याने आणलेलं विधेयक राज्यसभेनेही मंजूर केलं. लोकांच्या लक्षात राहिले ते वाढलेले दंड. पुण्यात हेल्मेटवरून जे व्हायचं ते झालंच. पण त्याच दुरुस्तीत चांगली कलमं होती. 110-अ खाली सदोष गाड्या परत बोलवायला लावता येतात. 134-अ खाली जखमीला उचलणाऱ्या भल्या माणसाला संरक्षण मिळालं. 198-अ प्रमाणे सदोष रस्त्यासाठी कंत्राटदार, सल्लागार आणि प्राधिकरण यांना जबाबदार धरता येतं. दंड किती? जास्तीत जास्त 1 लाख रुपये. किलोमीटरमागे कोट्यवधींची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराला हा चहापाण्याचा खर्च.

आणि कलम 215-ब: राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळ. वाहनांची रचना, नोंदणी आणि लायसन्स, रस्त्यांचे व वाहतूक नियंत्रणाचे मापदंड, पादचारी-सायकलस्वारांची सुरक्षा, सगळं त्याच्या कक्षेत. फक्त क्रियापद बदललं. मंडळ केंद्राला आणि राज्यांना सल्ला देईल. ज्याला 2014 मध्ये अधिकारी व्हायचं होतं तो 2019 मध्ये सल्लागार झाला.

मंडळ नसताना झालेली कामं

मंडळ नाही म्हणून सगळं ठप्प आहे, असं म्हणणं खोटं होईल. धडक-चाचण्या 2017 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झाल्या. चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आली. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप सुरू झालं आणि तारे देण्याचं काम आता इथेच होतं. हे मंत्रालयाने केलं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण तर घरचंच आहे. 2016 मध्ये त्या सुमारे 94 किलोमीटरवर 151 मृत्यू झाले. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मृत्यू शून्यावर आणायचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक प्राणघातक अपघाताच्या जागेवर जाऊन तपास, उघड्या खांबांपुढे संरक्षक कठडे, थांबलेल्या ट्रकांवर नजर, रुग्णवाहिका कुठे उभी राहावी याचा हिशेब. 2020 मध्ये मृत्यू 66 वर आले. ते वर्ष टाळेबंदीचं होतं, त्यामुळे तो आकडा जरा सावधपणे घ्यावा, पण उतार आधीपासून दिसत होता. काय करायचं हे आपल्याला माहीत आहे एवढं त्यातून कळलं. एका रस्त्यावर स्वयंसेवी संस्था हे करू शकते. लाखभराहून जास्त किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्गांवर कोण करणार?

बाकीची पोकळी न्यायालयाने भरली. राधाकृष्णन समितीच्या सांगण्यावरून राज्यांनी रस्ता सुरक्षेसाठी प्रमुख यंत्रणा नेमल्या. महाराष्ट्रात ती परिवहन आयुक्तालयात आहे. न्यायालय धोरण ठरवू लागलं की काय होतं तेही दिसलं. डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायचा आदेश आला, तर काही राज्यांनी महामार्गांचाच दर्जा काढायला घेतला. रस्ता तोच, बार तोच, पाटी फक्त नवी.

आणि मंडळाची उणीव जिथे टोचते अशा जागा आपल्याच राज्यात आहेत. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पुन्हा मागची सीट, पुन्हा बेल्ट नाही. पण त्या पुलाशी मार्गिका अरुंद होते आणि कठडा कुठे येतो, याचीही तेव्हा चर्चा झाली. पुढच्याच महिन्यात, 8 ऑक्टोबरला, नाशिकला खासगी बस पेटून 12 जण गेले. 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण जळून मेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती. अशा बसमधून माणसांनी बाहेर कसं यायचं? आपत्कालीन दारं, काचा फोडायचे हातोडे, इंधनाची टाकी कुठे असावी, बॉडी बांधणारा कारखाना नियम पाळतो का, हा सगळा एका यंत्रणेने महिनोन्‌महिने बसून लावायचा छडा आहे. आपल्याकडे चालक पकडला जातो, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते, आणि पुढची बस त्याच कारखान्यातून बाहेर पडते.

राजपत्रापासून खुर्चीपर्यंत

3 सप्टेंबर 2021 रोजी मंडळाची अधिसूचना निघाली. मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, एक अध्यक्ष, किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 सदस्य. डोंगराळ भागातल्या रस्त्यांसाठी वेगळे मापदंड, पोलिस आणि रुग्णालयांची क्षमता वाढवणं, भल्या माणसांना प्रोत्साहन, अशी कामांची लांबलचक यादी. सगळं छापून आलं, नेमणुका झाल्या नाहीत.

का झाल्या नाहीत? कोणी मुद्दाम अडवलं असं मला वाटत नाही. मंडळ झालं तर पहिला सल्ला त्याला महामार्गांच्या आराखड्यांवर द्यावा लागेल आणि ते आराखडे त्याच मंत्रालयाचे आहेत ज्याने मंडळ नेमायचं. रोज किती किलोमीटर रस्ता बांधला हे अभिमानाने सांगणाऱ्या खात्याला, त्यातला किती किलोमीटर चुकला हे सांगणारा शेजारी नकोसा वाटणं स्वाभाविक आहे. गडकरींनी या विषयात हात झटकलेत असंही नाही. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी लोकसभेत कबूल केलं की अपघातांवरच्या आंतरराष्ट्रीय बैठकांत आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं. मंत्र्याला लाज वाटते, हे बरंच आहे.

मे 2025 मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार देणारी योजना 5 मे पासून लागू झाली. ती रखडवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आधी फटकारलं होतं. आणि त्याच न्यायालयाने, कायदा होऊन जवळजवळ सहा वर्षं झाल्यावर, राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळावर माणसं नेमायला केंद्राला सहा महिन्यांची मुदत दिली.